गिनी पिगची वाढलेली नखं: आधी जिव्हाळी मागे सरकू द्या

नाशिकच्या एका ताईंनी विचारलंय. मुलीच्या हट्टापायी घेतलेला गिनी पिग, नाव बटाटा, वय अडीच वर्षं, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन १ किलो ३०० ग्रॅम. नखं कापायची असतात हेच वर्षभर कुणी सांगितलं नाही. आता पुढच्या पायांची आत वळलीत, मागची तिरकी गेलीत आणि बहुतेक सगळी काळी आहेत. गेल्या रविवारी यजमानांनी घरातल्या नेलकटरने एक कापलं तर रक्त आलं, बटाट्याने घर डोक्यावर घेतलं, मुलगी रडली. तेव्हापासून टॉवेल दिसला तरी तो पेटीच्या कोपऱ्यात जाऊन बसतो. ताईंचे मुख्य प्रश्न तीन. पुढच्या उजव्या पायाला पाचवं, पांढरट नख दिसतंय, तेही कापायचं का? पिंजऱ्यात पॉलिश पेपर लावला तर नखं आपोआप झिजतील का? आणि भूल देऊन सगळी एकदाच कापून मिळतील का?

ताई, तुम्ही विचारलंय कापायचं कसं, पण अडचण जरा वेगळी आहे. नखाच्या आत जो जिवंत भाग असतो, रक्त आणि संवेदना असलेला, त्याला आपल्याकडे जिव्हाळी म्हणतात. शहरात हा शब्द आता फारसा ऐकू येत नाही, पण इतका नेमका शब्द दुसरा मला मिळालेला नाही. नख वाढत गेलं की जिव्हाळीही त्याच्यामागोमाग पुढे सरकते. वर्षभर न कापलेल्या नखात ती इतकी पुढे आलेली असते की तुम्ही ‘नेहमीच्या लांबीवर’ कापायला गेलात तर ती कापली जाणारच. यजमानांचा हात चुकला असं मला वाटत नाही. त्या नखाला त्या दिवशी तेवढं कमी करणं शक्यच नव्हतं.

उलट बाजूही तितकीच खरी. टोकाचं थोडं थोडं नख काढत राहिलं की जिव्हाळी हळूहळू मागे हटते. म्हणून बटाट्याचं काम एका रविवारचं नाही, दोन-तीन महिन्यांचं आहे. दर आठ-दहा दिवसांनी एखाद-दीड मिलिमीटर. हे एकदा मनाशी ठरवलं की आज सगळं संपवायचं हे दडपण जातं, आणि निम्म्या जखमा त्या दडपणातूनच होतात. माझ्याकडून झालेली पहिली जखम तशीच होती. परळच्या पशुवैद्यक कॉलेजातून, म्हणजे जुन्या मुंबईकरांच्या भाषेत बैलघोडा हॉस्पिटलातून, शिकून बाहेर पडून वर्ष झालं नव्हतं. बाहेर सहा कुत्री ताटकळत होती, माझ्या हातात एक काळा गिनी पिग होता. तेरा नखं झाली होती, चौदावं घाईने कापलं आणि एप्रनवर लाल ठिपके उमटले. त्या जनावराच्या मालकीणबाई काही बोलल्या नाहीत, फक्त पुढच्या वेळी त्या दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्या.

चौदाच म्हणाले ते मोजून. गिनी पिगच्या पुढच्या पायाला चार-चार बोटं असतात आणि मागच्याला तीन-तीन. मग तुमच्या बटाट्याला पाचवं कुठून आलं? फोटो न पाहता शपथ घेऊन सांगता येणार नाही, पण तुम्ही लिहिलेली जागा, पुढच्या पंज्याच्या तळव्याची बाहेरची कड, आणि पांढरट, कोरडं, टोकदार असं वर्णन पाहता तो बहुधा घट्टा आहे. आपल्या टाचेला कुरूप होतं तसं त्यांच्या तळव्याची कातडी जाड होऊन काट्यासारखी बाहेर येते. त्यात हाड नसतं. पण मुळाशी जिवंत कातडी असते, म्हणून तो नखासारखा कचकन कापायचा नाही आणि उपटायचा तर मुळीच नाही. रोज खोबरेल तेलाचं बोट लावा, मऊ झाला की टोकाचा मेलेला भाग आपसूक सुटतो. कशात अडकून ओढला जात असेल तर डॉक्टरांकडून तेवढं टोक काढून घ्या. जन्मजात जास्तीचं बोट काही गिनी पिगना असतं, पण ते सहसा मागच्या पायाला असतं आणि पहिल्या दिवसापासून दिसतं.

आता भुलीचं. कुत्र्याला टाके घालताना भूल देतात, मग याला का नको, हा प्रश्न रास्त आहे. ब्रिटनमध्ये पाळीव प्राण्यांच्या भुलीची एक मोठी पाहणी झाली, २००८ साली प्रसिद्ध झाली. त्यात कुत्र्यांमध्ये भुलीशी संबंधित मृत्यू ०.१७ टक्के होते आणि गिनी पिगमध्ये ३.८ टक्के. त्यातले कित्येक आधीच आजारी होते हे धरलं तरी फरक डोळ्यांत भरण्यासारखा आहे. हा प्राणी लहान, श्वासमार्ग अरुंद, आणि थोडा वेळ खाणं थांबलं तरी आतडी मंदावतात. नख तळव्यात घुसून पू झालाय आणि स्पर्शही करू देत नाही, अशा वेळी भूल द्यावी लागते आणि आम्ही देतो. नुसत्या लांब नखांसाठी मी देत नाही. शिवाय भुलीतही जिव्हाळी जिथे आहे तिथेच राहते. तो ओरडत नाही एवढंच, कापायचं तेवढंच कापता येतं.

पॉलिश पेपरचा विचार आजच सोडून द्या. गिनी पिगच्या तळव्यावर केस नसतात, कातडी नाजूक असते, आणि याचं वजन तर १३०० ग्रॅम आहे. प्रौढ नर साधारण ९०० ते १२०० ग्रॅमचा असतो. जड जनावर, लांब नखं आणि खरखरीत जमीन हे तिन्ही एकत्र आलं की तळवे सोलवटतात. त्या फटींतून जंतू शिरतात, बहुतेकदा स्टॅफिलोकॉकस, आणि तळव्याला जो सुजलेला, खपली धरलेला फोड येतो तो थेट हाडापर्यंत जाऊ शकतो. नखं लांब असली की पाऊल सपाट पडत नाही, भार मागे सरकतो आणि तळव्याच्या एकाच जागेवर दाब येतो. म्हणजे नखं आणि तळवे ही एकाच आजाराची दोन टोकं आहेत. जाळीचा तळ असेल तर तोही बदला. फ्लीस म्हणजे लोकरीसारखं मऊ कापड किंवा जाडसर टॉवेल, वर भरपूर वाळलेलं गवत, रोज ओला भाग काढायचा. झिजवण्याची हौसच असेल तर शहाबादी फरशीचा एक तुकडा जेवणाच्या वाटीखाली ठेवा. पुढची नखं किंचित घासली जातात आणि नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यात तो त्यावर पोट टेकून गार बसेल हा खरा फायदा. कात्री मात्र त्याने टळत नाही.

तर कापायचं कसं. हत्यारापासून सुरुवात करते. माणसांचं चपटं नेलकटर पिल्लांच्या मऊ नखांना ठीक असतं. बटाट्याच्या जाड नखाला ते दोन्ही बाजूंनी चिरडतं आणि मग उभी चीर मुळापर्यंत जाते. मांजरांसाठी मिळतं ते लहान, अर्धगोल पात्यांचं कटर घ्या. धार महत्त्वाची, ब्रँड नाही. बोथट कटरने कापताना जो आधी दाब येतो त्यालाच प्राणी घाबरतो.

वेळ सकाळची किंवा रात्रीची, कारण उन्हाळ्यात तिशीच्या पुढे तापमान गेलं की हा प्राणी नुसता बसूनही धापा टाकतो, त्यात भीतीची भर नको. जागा जमिनीवर. खुर्चीत मांडीवर घेऊन बसू नका. त्याने उडी मारली तर दीड फुटावरून पडूनही दात तुटतात, पाठीला मार बसतो. सतरंजी टाका, भिंतीला टेकून बसा. त्याची पाठ तुमच्या पोटाला लागलेली, तोंड बाहेर. डावा हात छातीखाली, पुढच्या पायांच्या मागे, आणि त्याचे कुल्ले मांडीवर पूर्ण टेकलेले. मागचा भाग अधांतरी राहिला की तो लाथा झाडणारच. उताणं पाडून कापायचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. उताणा गिनी पिग निपचित पडतो तो शांत झाला म्हणून नाही, शिकार झालेलं जनावर तसंच पडतं.

तुमच्याकडे टॉवेलची दहशत बसलीय, म्हणून पहिले पाच-सहा दिवस कटर बाहेर काढूच नका. रोज दोन मिनिटं मांडीवर घ्यायचं, पाऊल बोटांत धरायचं, एक-दोन-तीन म्हणून सोडायचं. नवा टॉवेल आणा, निराळ्या रंगाचा. आणि रविवारी ज्यांच्या हातात कटर होतं त्यांनी आता धरायचं काम घ्यावं, कापायचं तुम्ही. हा प्राणी माणसाचा वास लक्षात ठेवतो.

खाऊचं काम मुलीला द्या. हे मला सांगलीकडच्या एका आजींनी शिकवलं. त्या येताना कोथिंबिरीची जुडी आणायच्या, पानं खुडून स्वतःच्या पिशवीत टाकायच्या आणि मला म्हणायच्या, “डॉक्टरबाई, पानं एका घासात संपत्यात, काडी पुरती.” आणि खरंच. लांब देठाचं टोक तोंडाशी धरलं की गिनी पिग ते सोडत नाही. खालचा ओठ थरथरतो, देठ तोंडात आत आत सरकत जातो, वाहत्या पाण्यात दोर ओढला जावा तसा एका लयीत. त्या काडीच्या लांबीत माझी दोन नखं होतात. काडी संपायच्या आत हात काढून घ्यायचा, पुढची काडी सुरू झाली की पुन्हा. दाणा-पेलेट देऊन हे होत नाही, ते चावायला तो मान वर करतो.

काळ्या नखात जिव्हाळी दिसत नाही ही तुमची मुख्य भीती. मी चार गोष्टी करते. पहिली म्हणजे सगळी नखं नीट पाहते. बहुतेक काळ्या गिनी पिगच्या एखाद्या बोटावर तरी पांढरं किंवा अर्धं पांढरं नख सापडतं. त्यातली गुलाबी रेघ कुठे संपते ते पाहून शेजारच्या काळ्या नखांचा अंदाज बांधायचा, एकाच पायावरच्या नखांत जिव्हाळी साधारण सारखीच पुढे असते. मग खालून मोबाइलचा टॉर्च लावते. गडद तपकिरी नखात सावली दिसते, अगदी काळ्याकुट्ट नखात दिसत नाही, तिथे वेळ घालवत नाही. तिसरं, पाऊल उलटं करून नखाची खालची बाजू पाहते. टोकाकडे नख खाली पोकळ असतं, पन्हाळीसारखी खोबण दिसते. खोबण बुजून नख भरीव व्हायला लागलं की जिव्हाळी जवळ आली. खोबण दिसते तेवढ्या टोकाकडच्या भागातच कापायचं. आणि शेवटची खूण बटाटाच देईल. कटर नखाभोवती हलकेच मिटा, कापू नका. जिव्हाळीवर दाब आला तर पाय झटकन मागे जातो. गेला तर एक मिलिमीटर टोकाकडे या.

पाय झटकणं आणि ओरडणं यात गल्लत करू नका. गिनी पिग कटर लागायच्या आधीही असा काही टाहो फोडतात की शेजारी दार वाजवतात. तो बऱ्याचदा नुसता निषेध असतो. दात कटकटवायला लागला तर मात्र खरोखर चिडलाय, त्या दिवशी थांबा. दोन नखं झाली असली तरी थांबा.

तुमच्या बाबतीत पहिल्या खेपेला फक्त पुढचे पाय, आणि त्यातही आत वळलेल्या नखांची फक्त कमान. वळलेल्या नखाचं टोक आज ना उद्या तळव्यात रुतेल, म्हणून ते आधी. कापताना पात्याची दिशा अशी ठेवा की पाऊल जमिनीवर टेकल्यावर कापलेली कड जमिनीला समांतर राहील. मागच्या पायाची नखं जाड आणि सरळ असतात, पण पाय बाहेरच्या बाजूला ओढला तर कंबर दुखते आणि तो उसळतो. पाय जसा बसल्यावर असतो तसाच ठेवून किंचित मागे घ्या. तिरकी झालेली नखं सरळ होतील का, असंही तुम्ही विचारलं होतं. काही होतात. वयस्क जनावरात जी मुळापासूनच वळून येतात ती तशीच राहतात, त्यांची लांबी आवरायची, एवढंच.

रक्त आलं तर. येईल कधीतरी, मला अजूनही येतं. शरीरात दर किलोमागे साधारण ७० मिलिलिटर रक्त असतं, म्हणजे बटाट्यात ९० च्या आसपास. नखातून गेलेले सात-आठ थेंब टॉवेलवर फार वाटतात, त्याला ते काहीच नसतात. देव्हाऱ्यातली किंवा दाढीच्या डब्यातली तुरटी आधीच कुटून बारीक पूड करून जवळ ठेवा. कापसावर पूड घ्या, नखाच्या टोकावर दाबा, आणि दोन मिनिटं कापूस उचलून बघू नका. हे दोन मिनिटं न बघणं लोकांना सगळ्यात जड जातं. तुरटी झोंबते, तो हिसका देईल, म्हणून ती फक्त नखाला, कातडी फाटली असेल तर तिथे नाही. तुरटी नसेल तर कॉर्नफ्लोअर चालतं. आपल्याकडे पहिला हात हळदीकडे जातो. तिने अपाय होत नाही, पण सगळं पिवळं झाल्यावर रक्त थांबलं की नाही ते कळत नाही. उग्र वासाची जंतुनाशकं नकोत, तो पाय चाटतो. नंतर तासभर भुश्शावर सोडू नका, धुतलेल्या पांढऱ्या कापडावर ठेवा, ठिपके दिसतील. पंधरा मिनिटांत थांबलं नाही तर दवाखाना.

दवाखान्यात लगेच न्यावं असं आणखी कधी, तर नख तळव्यात रुतलं असेल, पाऊल सुजून लाल किंवा गरम लागत असेल, खपलीखाली ओल असेल, तो लंगडत असेल. रुतलेलं नख घरी ओढून काढू नका, टोक आत तुटतं. रविवारी कापलेल्या बोटाकडे आज एकदा नीट बघा, बुडाशी सूज असेल तर नखुरडं होतंय. अशा वेळी घरात उरलेलं लहान मुलांचं अँटिबायोटिक देऊ नका. पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन ही औषधं तोंडावाटे दिली तर गिनी पिगच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक जंतू माजतात आणि जनावर दगावतं. ‘लहान मुलाला चालतं मग याला का नाही’ असं म्हणून दिलेल्या गोळीने गेलेले मी पाहिलेत. डॉक्टरकडे जाताना ते कुत्र्या-मांजरांव्यतिरिक्त गिनी पिग पाहतात का, हे फोनवर विचारा. गावात कुणी नसेल तर सशांवर उपचार करणारे चालतील. आणि कशामुळेही असो, बारा तास त्याने खाल्लं नाही तर ती तातडीची बाब समजा.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, तरी सांगते. वजन १३०० आणि ‘दिवसभर एका जागी बसतो’ हे वाक्य तुम्ही सहज लिहून गेलात. तो का बसतो? नखांमुळे चालायला नको वाटतं, की चालत नाही म्हणून नखं झिजत नाहीत, की सांधे दुखतात? सांधेदुखी म्हटलं की मी आधी क जीवनसत्त्वाचं विचारते. आपल्यासारखंच गिनी पिगलाही ते शरीरात बनवता येत नाही. रोज किलोमागे १० ते ३० मिलिग्रॅम लागतं, कमी पडलं तर सांधे सुजतात, हिरड्यांतून रक्त येतं, जखमा भरत नाहीत. पेलेटमध्ये घातलेलं असतं, पण तयार झाल्यापासून तीनेक महिन्यांत बरंच उतरतं, आणि दुकानातली सुटी पिशवी किती जुनी हे कुणालाच ठाऊक नसतं. पाण्यात थेंब टाकण्यावरही माझा विश्वास नाही, उजेडात ते टिकत नाही. रोज ढोबळी मिरचीचा एक जाडसर काप द्या, बिया काढून. बिस्किटं, पोळी, शेंगदाणे बंद. पोळी बंद करायला घरातल्या आजोबांचा विरोध होईल, माझ्या अनुभवात नेहमी होतो. मुख्य खाणं वाळलेलं गवत, दिवसभर समोर. लसूणघास चवीपुरता, त्यात कॅल्शियम जास्त असतं आणि मोठ्या जनावराला मूतखडे होतात. वाटी एका टोकाला आणि गवत दुसऱ्या टोकाला ठेवलं तरी त्याला रोज चार फेऱ्या पडतात.

थोडक्यात क्रम असा धरा: आज रविवारचं बोट आणि चारही तळवे तपासायचे, सूज नसेल तर पाच-सहा दिवस फक्त पाय धरायची सवय, मग पुढची वळलेली टोकं, आठ-दहा दिवसांनी मागची, आणि असंच आलटून पालटून. जिव्हाळी पुरेशी मागे गेली की महिन्यातून एकदा पुरेल.

तारखा डोक्यात ठेवू नका. दुधाचा हिशेब जिथे लिहिता त्याच कॅलेंडरवर, त्याच चौकटीत ‘पुढचा डावा ४, पुढचा उजवा ३’ असं लिहा. राहिलेलं एक नख कुठलं होतं हे दहा दिवसांनी घरातल्या तिघांनाही वेगवेगळं आठवतं.